चालू सर्व्हिसमध्ये एपीआयवरून बिघाड घालताना सेटिंग कधी लागतं कधी नाही, जाणकारांनी प्रकाश टाकावा

निळीशाई
नमस्कार मंडळी, डोकं पिकलंय म्हणून धागा काढतोय. आमची स्प्रिंग बूटवरची एक सर्व्हिस आहे, ती आणखी दोन सर्व्हिसना कॉल करते, मागे डेटाबेस. टाइमआउट, रिट्राय, सर्किट ब्रेकर (समोरची सर्व्हिस सारखी फेल किंवा मंद झाली की तिला कॉल करणं काही काळ थांबवणारा कोड) सगळं लिहून ठेवलंय पण वेळ आल्यावर ते खरंच चालतं का हे कोणी कधी बघितलेलं नाही. म्हणून टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर केऑस मंकी फॉर स्प्रिंग बूट, म्हणजे ॲप्लिकेशनमध्ये मुद्दाम बिघाड घालणारी लायब्ररी, लावलं. दर वेळी यॅमल (सेटिंगची फाइल) बदला, बिल्ड करा, डिप्लॉय करा हा उद्योग नको म्हणून ॲक्च्युएटरमधला (चालू ॲप्लिकेशन बघायची-हाताळायची स्प्रिंग बूटची सोय) त्याचा एंडपॉइंट उघडला आणि असॉल्ट्सवर, म्हणजे कुठला बिघाड किती घालायचा त्या सेटिंगवर, पोस्ट मारली. लेटन्सी (उशीर) चालू, रेंज २००० ते ५००० मिलिसेकंद, लेव्हल ५. उत्तर २०० आलं. खूश.
पण लगेच गेट करून बघितलं तर कधी माझे आकडे दिसतात, कधी जुनेच १००० ते ३०००. लेव्हल ५ म्हणजे पाचातली एक रिक्वेस्ट रखडायला हवी, तर लोड टेस्टमध्ये शंभरात जेमतेम सहा-सात रखडतात. वॉचरखाली (कुठल्या क्लासमध्ये बिघाड घालायचा ते ठरवणारा भाग) एकच सर्व्हिस क्लास आहे, तो प्रत्येक रिक्वेस्टला एकदाच लागतो. आणि सर्किट ब्रेकर तर हूं की चूं करत नाही. काय चुकतंय?

रात्रपाळी
पॉड (सर्व्हिसच्या चालू प्रती) किती?

निळीशाई
तीन. का?

रात्रपाळी
मग वीस भागिले तीन करा.

बॅकएंडवाली
रात्रपाळी नेहमीप्रमाणे अर्ध्या ओळीत उत्तर देऊन मोकळे, मी जरा फोड करून सांगते. ही सेटिंग त्या त्या प्रोसेसच्या मेमरीत बसते, डेटाबेसमध्ये नाही, कुठल्या सामायिक जागेत तर नाहीच. तुमची पोस्ट लोड बॅलन्सरमधून गेली, त्याने ती तिनातल्या एका पॉडकडे दिली, त्या पॉडने मुकाट्याने बदल करून २०० दिलं. बाकीच्या दोघांना पत्ताच नाही, त्यांच्यात यॅमलमध्ये आहे तेच चालू, आणि १००० ते ३००० ही त्या लायब्ररीची डिफॉल्ट रेंज आहे. एका पॉडवर २० टक्के म्हणजे एकूण ट्रॅफिकवर सहा-सात टक्के, तुमचा आकडा बरोब्बर जुळतोय. गेटचंही तेच, जो पॉड हाती लागेल तो स्वतःचं सांगतो.
आता एपीआय वापरायचीच असेल तर प्रत्येक पॉडच्या आयपीवर वेगळी पोस्ट मारावी लागेल. कुबरनेटीसमध्ये (पॉड चालवणारी यंत्रणा) हेडलेस सर्व्हिस केली की डीएनएसमधून सगळ्या पॉडचे पत्ते मिळतात, त्यावर साधा लूप लिहायचा. पोर्ट फॉरवर्ड करूनही होतं पण ते हाताने करायचं काम, एक राहून जातो. आणि लूप लिहिलात तरी मधेच ऑटोस्केलरने चौथा पॉड उभा केला तर तो यॅमलमधलंच वाचून उठणार. एखादा पॉड रीस्टार्ट झाला तर त्याचीही पाटी कोरी. त्यामुळे लूपने एकदा पाठवलं आणि विसरलो असं चालत नाही, लोड टेस्ट चालू असेपर्यंत अधूनमधून सगळ्यांना गेट करून सगळे एकच सांगतायत ना हे बघत राहावं लागतं.

अर्धविराम
+१. त्यात भर म्हणजे लेव्हलचा अर्थ. डिटरमिनिस्टिक ट्रू केलं नसेल तर ‘दर पाचवी’ असं काही नसतं, प्रत्येक वेळी पाचात एक शक्यता. शंभर रिक्वेस्टच्या टेस्टमध्ये १५ पण येतील २६ पण येतील, त्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि हे नाणं रिक्वेस्टमागे नाही, वॉचरखालच्या मेथड कॉलमागे उडतं. धागाकर्त्यांनी एकच क्लास ठेवलाय ते उत्तम केलं. एका रिक्वेस्टमध्ये अशा चार मेथड लागल्या असत्या तर किमान एकदा फटका बसायची शक्यता ५९ टक्क्यांवर जाते. बरेच जण इथेच गोंधळतात, लेव्हल ५ ठेवलं आणि निम्म्याहून जास्त ट्रॅफिक का रखडलं म्हणून.
वॉचरचं अजून एक. जुन्या आवृत्त्यांमध्ये वॉचर चालू ॲप्लिकेशनमध्ये बदलता येत नव्हते, ते स्प्रिंगच्या एओपीतले (मेथडभोवती बाहेरून कोड गुंडाळायची सोय) घटक, सुरुवातीलाच तयार व्हावे लागत. असॉल्ट मात्र बदलता येत. नव्यात वॉचर्सवरही पोस्ट चालते. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेलं वाचून नव्यावर हात चालवू नका आणि उलटही करू नका.

शंकासुर
मला मुळातच एक कळत नाही. हे सगळं चालू असताना बदलायचा अट्टहास कशाला? सेटिंग गिटमध्ये ठेवा, पुल रिक्वेस्ट करा, दोघांनी बघा, डिप्लॉय करा. कोणी काय बदललं त्याचा इतिहास आपोआप राहतो, सगळ्या पॉडवर एकच गोष्ट जाते, तुमचा वरचा अख्खा प्रॉब्लेमच उरत नाही. पाच मिनिटं वाचवायला आपण एक मागचं दार उघडून ठेवतोय.

बॅकएंडवाली
शंकासुर, पाच मिनिटांचा प्रश्न असता तर मीही तुमच्याच बाजूने बोलले असते. पण इथे रीस्टार्टच मोजमाप बिघडवतो. विचार करा, मला बघायचंय की डाउनस्ट्रीम सर्व्हिस (माझी सर्व्हिस जिला कॉल करते ती) हळूहळू मंदावत गेली तर माझी सर्व्हिस कुठल्या क्षणी मोडते. म्हणजे एकसारखा लोड चालू ठेवून उशीर १०० मिलिसेकंद, मग ३००, मग ८००, मग २ सेकंद असा चढवत न्यायचा. प्रत्येक पायरीला रीडिप्लॉय केलं तर कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेली कनेक्शन) नव्याने भरणार, कॅश रिकामी, जेव्हीएमचं जेआयटी (चालता चालता कोड वेगवान करणारा भाग) परत थंडपासून सुरू, आणि मुख्य म्हणजे सर्किट ब्रेकरची स्थिती मेमरीत असते तीही गेली. मग ८०० मिलिसेकंदाला जे दिसलं ते उशिरामुळे की ताज्या रीस्टार्टमुळे, कोण सांगणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं असतं ते उतरताना. बिघाड काढून घेतल्यावर सिस्टिम स्वतःहून सावरते का, ब्रेकर हाफ-ओपनला (थोडेच कॉल जाऊ देऊन बघणं) येऊन परत बंद (म्हणजे नेहमीसारखे कॉल जाऊ देणारा) होतो का, की रिट्रायचा लोंढा तिला खालीच दाबून ठेवतो. हे बघायचं तर त्याच प्रोसेसमधून बिघाड काढावा लागतो. रीस्टार्ट केल्यावर सगळंच सावरतं, त्यात काय नवल.

शंकासुर
हा मुद्दा पटला. उतरतानाचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण मागच्या दाराबद्दल मी अडून राहणार आहे, सांगून ठेवतो.

हळूहळू
मी वेगळा सूर लावतो. बिघाड ॲप्लिकेशनच्या आत घालण्यापेक्षा मधे प्रॉक्सी (दोघांमधला दुवा, ज्यातून सगळा डेटा जातो) बसवा. टॉक्सिप्रॉक्सी बघा, शॉपिफायने बनवलेला, ते २०१४ पासून डेव्हलपमेंट आणि टेस्टमध्ये वापरतायत. टीसीपी पातळीवर चालतो त्यामुळे डेटाबेस, रेडिस, काहीही त्यामागे घालता येतं, तुमच्या कोडला हात लावावा लागत नाही. त्याची एचटीटीपी एपीआय ८४७४ पोर्टवर असते, प्रॉक्सी तयार करायची आणि तिच्यावर टॉक्सिक (बिघाड) चढवायचे, लेटन्सी, बँडविड्थ, टाइमआउट, रीसेट पिअर, स्लायसर वगैरे. सगळं चालू कनेक्शनवर लागू होतं. आणि मला आवडतं ते म्हणजे रीसेट नावाचा एंडपॉइंट, एक पोस्ट मारली की सगळे टॉक्सिक काढून सगळ्या प्रॉक्सी परत सुरू. टेस्टच्या टीअरडाउनमध्ये तो एक कॉल टाकला की आधीच्या टेस्टचा कचरा पुढच्या टेस्टला बाधत नाही.

अर्धविराम
टॉक्सिप्रॉक्सी मस्तच आहे पण त्यातही आकड्याचा एक सापळा आहे, इथे मांडून ठेवतो. टॉक्सिकला टॉक्सिसिटी म्हणून ० ते १ मधला आकडा देता येतो, न दिल्यास १. लोकांना वाटतं ०.२ म्हणजे वीस टक्के रिक्वेस्ट. तसं नाही, तो टीसीपीवाला, त्याला रिक्वेस्ट म्हणजे काय हेच ठाऊक नाही. नाणं कनेक्शनमागे उडतं. तुमच्याकडे दहा कनेक्शनचा पूल असेल आणि ती दिवसभर जिवंत राहत असतील तर त्यातली साधारण दोन कायमची आजारी आणि आठ ठणठणीत, असं चित्र दिसेल. कधीकधी तेच हवं असतं, खऱ्या आयुष्यातही एखादंच कनेक्शन सडतं. पण ‘रिक्वेस्टच्या वीस टक्के’ असं रिपोर्टमध्ये लिहू नका.
टाइमआउट टॉक्सिकमध्ये मिलिसेकंद ० दिले तर कनेक्शन बंदच होत नाही, टॉक्सिक काढेपर्यंत डेटा नुसता टाकून दिला जातो. ज्यांच्या क्लायंटला रीड टाइमआउट लावलेला नाही त्यांना हे एकदा लावून बघा, आयुष्यभराचं शिक्षण होतं.

निळीशाई
भारी माहिती येतेय, वाखूसा (वाचनखूण साठवली). अपडेट देतो. हेडलेस सर्व्हिस करून तिन्ही पॉडना लूपने पोस्ट मारली, आता विसाच्या आसपास येतंय. पण सर्किट ब्रेकर अजूनही ढिम्म. ब्रेकरसाठी रेझिलियन्स-फोर-जे लायब्ररी आहे, सगळं डिफॉल्टवर. लेटन्सी ५ सेकंदांपर्यंत चढवली तरी ओपन होत नाही, म्हणजे कॉल अडवत नाही.
आणि एक गंमत झाली, लेव्हल १ करून, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला उशीर, जरा जोरात लोड दिला आणि बंद करायला डिसेबलवर पोस्ट मारली तर ती पोस्टच लटकली. बराच वेळ. शेवटी पॉड उडवले.

रात्रपाळी
लोड किती होता? ॲक्च्युएटर वेगळ्या पोर्टवर आहे का?

निळीशाई
पॉडमागे सेकंदाला साधारण ६०. सगळं ८०८० वरच.

रात्रपाळी
तेच. लेटन्सी असॉल्ट म्हणजे थ्रेड स्लीप, रिक्वेस्ट हाताळणारा थ्रेडच झोपवणं. रेंज २ ते ५ सेकंद, सरासरी साडेतीन. ६० गुणिले ३.५ म्हणजे २१० थ्रेड कायम झोपलेले. टॉमकॅटचे (स्प्रिंग बूटच्या आतला वेब सर्व्हर) डिफॉल्ट जास्तीत जास्त थ्रेड २००. तुमची डिसेबलची पोस्ट त्याच रांगेत सगळ्यात मागे. मॅनेजमेंट सर्व्हर पोर्ट वेगळा द्या, मग ॲक्च्युएटरला स्वतःचा सर्व्हर आणि स्वतःचे थ्रेड मिळतात.

बॅकएंडवाली
वरच्या प्रतिसादाला दंडवत, ह्याच जागी भलेभले अडकतात. बिघाड बंद करायचा रस्ता त्याच बिघाडातून जात असेल तर तो रस्ता नाहीच. लिनक्सवर टीसी नेटेमने (नेटवर्क मुद्दाम बिघडवायचं साधन) जे लोक दूरच्या मशीनच्या इंटरफेसवर शंभर टक्के पॅकेट लॉस लावतात आणि मग त्यांचा स्वतःचा एसएसएच (त्या मशीनशी असलेली जोडणी) तुटतो, ती हीच गोष्ट. तिथे जुनेजाणते आधी ‘दोन मिनिटांनी नियम काढ’ असं मागे चालणारं काम लावतात आणि मगच नियम घालतात. एपीआयलाही तेच हवं. बिघाड चालू करणाऱ्या कॉलमध्येच तो कधी संपणार हे आलं पाहिजे, बंद करायचा कॉल पोचेल ह्या भरवशावर राहायचं नाही.
स्प्रिंगचं वेबफ्लक्स वापरणाऱ्यांनी तर अजून जपा, तिथे मोजके इव्हेंट लूप थ्रेड असतात, त्यात स्लीप घातली की असंबंधित रिक्वेस्टही मेल्या.

अर्धविराम
ब्रेकरचं उत्तर मी देतो. रेझिलियन्स-फोर-जेच्या डिफॉल्टमध्ये स्लो कॉल कशाला म्हणायचं ती मर्यादा ६० सेकंद आहे, आणि स्लो कॉलचं प्रमाण १०० टक्के झालं तरच ब्रेकर उघडतो. पाच सेकंद त्याच्या लेखी झटपट. फेल्युअरचा उंबरठा ५० टक्के, तोही किमान १०० कॉल झाल्याशिवाय मोजतच नाही. म्हणजे लेव्हल ५ ने एक्सेप्शन जरी फेकलेत तरी वीस टक्क्यांवर तो ढिम्मच राहणार, आणि त्याची चूक नाही. त्याला स्लो कॉलची मर्यादा तुमच्या खऱ्या टाइमआउटच्या जवळची द्या.
दुसरं, ब्रेकर नक्की कुठे बसलाय ते तपासा. ब्रेकरचं ॲनोटेशन आणि केऑसचा वॉचर एकाच बीनवर (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट) असतील तर कुठला ॲस्पेक्ट (गुंडाळलेला कोड) बाहेर आणि कुठला आत ह्यावर ठरतं. केऑस बाहेरच्या बाजूला असेल तर उशीर होतो पण ब्रेकरला तो दिसतच नाही, त्याच्या आतला कॉल वेळेत परततो. त्यापेक्षा उशीर डाउनस्ट्रीम सर्व्हिसमध्ये घाला किंवा हळूहळू म्हणतात तसा मधे प्रॉक्सी ठेवून घाला, मग वादच नाही.
रिट्रायही बघा. पाचातली एक रिक्वेस्ट फेल होत असेल आणि क्लायंट एकूण तीन वेळा प्रयत्न करत असेल तर तिन्ही फेल व्हायची शक्यता ०.८ टक्के. वरून बघणाऱ्याला वाटेल बिघाड लागलाच नाही. खाली मात्र ट्रॅफिक २४ टक्क्यांनी वाढलेलं असतं.

ढोबळमानाने
२४ कसे?

अर्धविराम
पहिला प्रयत्न सगळ्यांचा, १. त्यातल्या ०.२ चा दुसरा, त्यातल्या ०.०४ चा तिसरा. एकूण १.२४.

ढोबळमानाने
ओके, कळलं. अवांतर: आम्ही केऑस मंकी नाही वापरत, स्वतःचाच छोटा फिल्टर लिहिलाय, त्याला पुट करून उशीर आणि एरर कोड सांगता येतो. ह्या चर्चेवरून त्यात काय काय नाहीये ते कळतंय. अजून काय असावं? आत्ता एक विचित्र प्रकार होतो, सेटिंग बदलताना कधीकधी एखाद-दुसऱ्या रिक्वेस्टला भलताच एक्सेप्शन येतो, रँडमच्या बाउंडबद्दल काहीतरी.

बॅकएंडवाली
तुमच्या फिल्टरमध्ये उशिराची खालची आणि वरची मर्यादा दोन वेगळ्या व्हेरिएबलमध्ये आहे का? असेल तर हे होणारच. आधी १०००-३००० होतं, आता ४०००-६००० करायचंय. तुमच्या कोडने खालची ४००० केली, वरची अजून ३००० च आहे, त्या फटीत एक रिक्वेस्ट घुसली आणि तिने ४००० ते ३००० मधला आकडा मागितला. रँडमने हात वर केले. उपाय सोपा, सगळी सेटिंग एका न बदलणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा, एपीआयने नवा ऑब्जेक्ट अख्खा बनवून, तपासून, मग एका ॲटॉमिक रेफरन्समध्ये एकदम टाकायचा. आणि रिक्वेस्टने तो रेफरन्स सुरुवातीला एकदाच वाचायचा आणि शेवटपर्यंत तोच धरायचा. नाहीतर सुरुवातीला जुनी सेटिंग, मधे नवी, असं खिचडी वागणं दिसतं.
तपासणी एपीआयमध्येच करा. वरची मर्यादा खालच्यापेक्षा कमी, शक्यता शंभराच्या वर, उशीर काही तास, असलं काही आलं की सरळ ४०० (चुकीची रिक्वेस्ट). आणि एक वरचं टोक कोडमध्येच पक्कं करून टाका, एपीआयवरून बदलता न येणारं. मिलिसेकंद समजून कोणीतरी मायक्रोसेकंदाचा आकडा टाकतोच.

ढोबळमानाने
दोन व्हेरिएबलच आहेत. आजच बदलतो. आणि ते संपण्याच्या वेळेचं? टाइमस्टॅम्प घ्यावा का?

रात्रपाळी
सेकंद घ्या. टाइमस्टॅम्प घेतलात की पाठवणाऱ्याचं घड्याळ आणि पॉडचं घड्याळ जुळायला हवं. ‘३०० सेकंद’ म्हटलं की पॉड स्वतःच्या मोनोटॉनिक (कधी मागे न जाणाऱ्या) घड्याळाने मोजतो. आणि हे फील्ड सक्तीचं ठेवा, डिफॉल्ट ‘कायम’ नको. ज्याला जास्त वेळ हवाय तो परत पुट करेल.

हळूहळू
लिनक्स कर्नलच्या फॉल्ट इंजेक्शनमध्ये हा विचार वेगळ्या तऱ्हेने आहे बघा. फेलस्लॅब (मेमरीची मागणी मुद्दाम फेल करणारा) वगैरेंची सेटिंग डीबगएफएसमधल्या फायलींत लिहून चालू मशीनवर बदलता येते, त्यात प्रोबॅबिलिटी, इंटरव्हल आणि टाइम्स अशा फायली असतात. टाइम्स म्हणजे जास्तीत जास्त किती वेळा फेल करायचं, उणे एक लिहिलं तरच अमर्याद. वेळेऐवजी मोजणी. एन्व्हॉय ह्या प्रॉक्सीच्या फॉल्ट फिल्टरलाही एकाच वेळी किती बिघाड जिवंत असू द्यायचे त्याची मर्यादा देता येते, पण ती न दिल्यास अमर्याद, त्यामुळे द्यायची आठवण ठेवावी लागते. ढोबळमानाने, तुमच्या फिल्टरला तीच मर्यादा घाला, एकावेळी पन्नासच्या वर थ्रेड झोपवायचे नाहीत, पुढच्या रिक्वेस्ट तशाच जाऊ द्यायच्या. वरचा २०० थ्रेडवाला गळफास बसणारच नाही.

शंकासुर
आता माझ्या मागच्या दाराकडे या. हा एंडपॉइंट म्हणजे ‘ह्या सर्व्हिसला पाड’ असं बटण आहे, आणि आत्तापर्यंतच्या प्रतिसादांत ऑथेंटिकेशनचा उल्लेख एकदाही नाही. निळीशाई, तुमच्या त्या ॲक्च्युएटरला लॉगिन आहे का?

निळीशाई
अं... एक्स्पोजर इन्क्लूडमध्ये स्टार टाकलाय, म्हणजे सगळेच एंडपॉइंट वेबवर उघडे.

शंकासुर
बघा! स्प्रिंग बूट स्वतःहून वेबवर फक्त हेल्थ उघडतं ते उगाच नाही. स्टार टाकलात की एन्व्ह (सगळी सेटिंग) बाहेर, आणि स्प्रिंग बूट ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांत हीपडंपही (मेमरीची प्रत). हीपडंपमध्ये पासवर्ड सापडतात. नाव घेऊन हेल्थ आणि केऑसमंकी एवढेच उघडा, वेगळ्या पोर्टवर, तो पोर्ट इन्ग्रेसमध्ये (बाहेरून आत यायचा रस्ता) नको, नेटवर्क पॉलिसीने फक्त टेस्ट चालवणाऱ्या नेमस्पेसला पोचू द्या, आणि लॉगिन. टेस्ट एन्व्हायर्नमेंट आहे म्हणून सोडायचं नाही, तीच इमेज उद्या पुढे जाते. त्याहून बरं म्हणजे प्रॉडक्शनच्या बिल्डमध्ये ती डिपेंडन्सीच नको.

बॅकएंडवाली
सहमत, फक्त शेवटचं वाक्य प्रत्येकाला लागू नाही. काही जण मुद्दाम प्रॉडक्शनमध्येच बिघाड घालतात. नेटफ्लिक्सचा मूळ केऑस मंकी तर प्रॉडक्शनमधली इन्स्टन्स उडवायचा, पण कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात, म्हणजे माणसं जागेवर असताना. पुढे २०१४ मध्ये त्यांनी फिट (फेल्युअर इंजेक्शन टेस्टिंग) आणलं, त्यात बिघाडाची माहिती रिक्वेस्टसोबतच प्रवास करते, त्यामुळे ठरावीक अकाउंटच्या किंवा डिव्हाइसच्या रिक्वेस्टच बाधित होतात, बाकी जनतेला धक्का नाही. ढोबळमानाने, तुमच्या फिल्टरमध्ये हे घालणं अवघड नाही, एखाद्या हेडरवर किंवा टेस्ट युजरच्या आयडीवर अट ठेवा. सगळ्यांना लागू होणारा बिघाड आणि ठरावीक रिक्वेस्टना लागू होणारा बिघाड ह्यांना परवानगीही वेगळी असावी.

हळूहळू
रच्याकने, टॉक्सिप्रॉक्सीची एपीआय ब्राउझरमधून उघडायला गेलात तर ४०३ मिळेल, बिथरू नका. युजर एजंट मोझिला स्लॅशने सुरू होत असेल तर तो मुद्दामच नाकारतो, कारण एपीआयला लॉगिन नाही आणि कुठलंही वेबपेज तुमच्या ब्राउझरकरवी लोकलहोस्टला गुपचूप पोस्ट मारू शकतं. कर्लने गेलं की चालतं. अर्थात हा फक्त ब्राउझरपुरता बंदोबस्त, नेटवर्कवरून थेट येणाऱ्याला तो अडवत नाही, त्यामुळे तो पोर्ट बाहेर उघडू नका.

ढोबळमानाने
एक शेवटचं. दोन टेस्टर एकाच वेळी बदल करतात, एकाचा उशीर दुसऱ्याच्या एररने पुसला जातो आणि दोघंही मला विचारायला येतात.

अर्धविराम
तुमचं पुट अख्खी सेटिंग बदलतं म्हणून पुसलं जातं. केऑस मंकीत उलटी तऱ्हा आहे, असॉल्ट्सच्या पोस्टमध्ये जी फील्ड दिलीत तेवढीच बदलतात, बाकी आधीची तशीच. म्हणजे तिथे एकाने लेटन्सी लावली, दुसऱ्याने एक्सेप्शन, तर दोन्ही एकत्र चालू राहतात आणि दोघांनाही दुसऱ्याचं माहीत नसतं. दोन्हीत त्रास आहेच. तुम्ही पुटच ठेवा पण ईटॅग (सेटिंगच्या आवृत्तीची खूण) द्या. गेट केल्यावर मिळालेला ईटॅग इफ-मॅच हेडरमध्ये परत पाठवायचा, मधे कोणी बदललं असेल तर सर्व्हरने ४१२ द्यायचं. मग दुसऱ्याला निदान कळतं की आधी कोणीतरी बसलंय. आणि गेटच्या उत्तरात कोणी लावलं, कशासाठी, किती सेकंद उरलेत हे दिसू द्या, म्हणजे तुम्हाला विचारायला येणार नाहीत.

रात्रपाळी
आणि लॉग. घातलेला बिघाड लॉगमध्ये खऱ्या बिघाडासारखा दिसता कामा नये. एन्व्हॉय ॲक्सेस लॉगमध्ये उशीर घातला तर डीआय आणि ॲबॉर्ट केलं तर एफआय असा फ्लॅग टाकतो. तुमच्या फिल्टरने रिस्पॉन्समध्ये हेडर टाकावा आणि लॉगमध्ये एक फील्ड. नाहीतर पहाटे ज्याला उठवतात तो तासभर डेटाबेस तपासत बसतो.

निळीशाई
ॲक्च्युएटर वेगळ्या पोर्टवर नेला, स्टार काढला, स्लो कॉलची मर्यादा २ सेकंद आणि प्रमाण ५० टक्के केलं. केऑस काढून डाउनस्ट्रीममध्ये लावला. लेव्हल १ ला ब्रेकर उघडला, डिसेबलची पोस्टही लगेच लागली. फक्त आता दुसराच प्रकार. त्या डाउनस्ट्रीमच्या पॉडवर मॉनिटरिंगवाल्यांनी केऑसमंकीच्या स्टेटस एंडपॉइंटवरच चेक लावलाय आणि मी डिसेबल केलं की त्यांच्याकडे लाल होतं. उलट चालू असताना हिरवं!

रात्रपाळी
बंद असताना तो स्टेटस ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देतो, तसंच लिहिलंय त्यात. चेक हेल्थवर लावायला सांगा.